मीठ खात्यातला रुमाल

काही गुन्हे फाईल बंद झाली की डोक्यातून जातात. नोकरीत टिकायचं तर ते जायलाच हवेत. हा मात्र गेला नाही. यात खून नव्हता, दरोडा नव्हता, आणि वर्तमानपत्रात चार ओळीसुद्धा छापून आल्या नाहीत. तरीही पोलीस म्हणून मी काय शिकलो असं कुणी विचारलं की मला हाच गुन्हा आठवतो. नावं कुणाचीच देत नाही. त्यातली बहुतेक मंडळी आजही पुण्यात आहेत आणि अधूनमधून भेटतात.

मी तेव्हा शहराच्या मध्यभागातल्या एका ठाण्यात गुन्हे निरीक्षक होतो. निवृत्तीला पाच वर्षं उरली होती. श्रावणातले दिवस होते. सकाळची हजेरी झाली होती, स्टेशन डायरी चाळून झाली होती आणि पार्किंगवरून एकमेकांच्या गाड्यांच्या काचा फोडणारे दोन उच्चशिक्षित शेजारी बाकावर तोंडं फिरवून बसले होते. तेवढ्यात ठाणे अंमलदार आत आला आणि म्हणाला, "साहेब, कागद चोरीला गेल्याची तक्रार आहे."

"कसला कागद?"

"जुना आहे म्हणतात. इंग्रजांच्या वेळचा."

माझ्या टेबलावर त्या दिवशी एकोणीस मोटारसायकली आणि एक सोनसाखळी होती. मी म्हणालो, "इंग्रजांना कळवा म्हणावं." अंमलदार हसला. हे वाक्य मी बोललो होतो हे इथे मुद्दाम लिहितो, कारण पुढे त्याची मला लाज वाटली.

आत दोघं आले. एक होते आमच्या हद्दीतल्या सरकारी दफ्तरखान्याचे प्रमुख. इंग्रजी अमलातली महसुलाची, जमिनींची, निरनिराळ्या खात्यांची कागदपत्रं तिथे जपून ठेवलेली आहेत. साहेब चाळिशीचे, नुकतेच बदलून आलेले, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. दुसऱ्या होत्या सत्तरीच्या एक बाई. पांढरी सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. त्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या आणि पुण्याच्या पूर्वेला, मांजरीच्या पुढच्या एका गावात राहत होत्या. गाव आता पालिकेत आलं होतं. कधीकाळी ऊस होता तिथे इमारती उठत होत्या.

दफ्तरखान्याच्या साहेबांनी लेखी तक्रार पुढे ठेवली. ब्रिटिश काळातल्या वतन चौकशीचा एक रुमाल जागेवर नाही, असं तीत लिहिलं होतं.

"रुमाल?" मी विचारलं.

"कागदांचा गठ्ठा कापडात बांधून ठेवतात, त्याला रुमाल म्हणतात," साहेब म्हणाले. "प्रत्येकाला क्रमांक असतो. या बाईंनी त्यातल्या कागदाची प्रमाणित नक्कल मागितली होती. आम्ही शोधलं तर मांडणीवर जागा रिकामी."

मी बाईंकडे वळलो. त्यांनी फळ्यावर लिहावं तसं एकेक वाक्य सुटं करून सांगितलं.

"अहो, आमची बारा घरं आहेत. पूर्वी गावकीची कामं आमच्याकडे होती. सरकारी खजिना पोहोचवायचा, शिवेवर पहारा द्यायचा, टपाल वाहायचं. त्याबद्दल वतनाची जमीन होती. छप्पन साली माझे आजोबा नागपूरहून दीक्षा घेऊन आले आणि गावकीची कामं त्यांनी सोडली. जमीन सोडली नव्हती. आता दुसऱ्याच कुणीतरी ती आपली म्हणून एका बिल्डरला लिहून दिली आहे. प्रांतसाहेबांपुढे सुनावणी आहे. ती जमीन आमची होती हे सांगणारा एकच मूळ कागद आहे, आणि तो त्या रुमालात आहे."

"सुनावणी कधी?"

"तीन आठवड्यांनी. तेव्हा कागद नसेल तर पुढची तारीख मिळणार नाही असं स्पष्ट सांगितलंय. आणि हे पाहा साहेब, आमच्यापैकी निम्मी माणसं माझ्या वयाची आहेत. तीस वर्षं कोर्टात काढायला आमच्याकडे तीस वर्षं नाहीत."

त्यांचा आवाज कुठेही ओला झाला नाही. रडणाऱ्या फिर्यादीला आम्ही पाणी देतो आणि कामाला लागतो. न रडणारा फिर्यादी समोर बसला की आम्हाला अवघडायला होतं. मी चोरीचा गुन्हा दाखल करून घेतला.

तपासाला मी आमच्या एका जुन्या हवालदारांना बरोबर घेतलं. ते स्वतः पूर्वेकडच्या शेतकरी घरातले, जमिनीच्या भांडणांत मुरलेले. जीपमध्ये बसतानाच म्हणाले, "साहेब, सोनं चोरणारा सोन्यासाठी चोरतो. जमिनीचा कागद चोरणाऱ्याला कागद नको असतो. त्याला तो नसायला हवा असतो. जाळला नसला म्हंजे मिळवली."

दफ्तरखाना मी बाहेरून हजारदा पाहिला होता, आत कधी गेलो नव्हतो. दगडी भिंती, उंच छत, लोखंडी मांडण्यांच्या रांगा आणि त्यांवर मळकट कापडात गाठी मारून ठेवलेले गठ्ठे. वेखंडाचा वास भरून राहिला होता. वाचनकक्षात पाटी होती, 'पेन आणू नये. पेन्सिल मागू नये.' मी पंचनामा केला. कुलूप शाबूत, खिडक्यांचे गज शाबूत. दरवाजावर कॅमेरा होता, पण त्याचं चित्रण पंधरा दिवसांत आपोआप पुसलं जायचं. रुमाल नक्की कधी गेला हेच कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणजे आतल्या माणसाशिवाय हे झालेलं नाही एवढं उघड होतं.

आत ये-जा असणारे कर्मचारी चार. सगळ्यांचे जबाब घेतले. तिघं भरपूर बोलले. चौथे दफ्तरबंद होते, म्हणजे रुमाल बांधणं, काढून देणं, परत जागेवर ठेवणं हे ज्यांचं काम. सत्तावन्न वर्षांचे, किडकिडीत, चष्म्याच्या काडीला दोरा बांधलेला. त्यांनी प्रत्येक प्रश्नाला "माहीत नाही, साहेब" एवढंच उत्तर दिलं.

दहा दिवस काही हाती लागलं नाही. बाई रोज अकराला ठाण्यात यायच्या. "काही कळलं?" एवढंच विचारायच्या आणि "बरं" म्हणून निघून जायच्या. बस बदलून, दीड तासाचा प्रवास करून त्या येत. अकरा वाजायला आले की अंमलदार आपणहून खुर्ची पुसायला लागला होता.

अकराव्या दिवशी एक आजोबा आले. टपाल खात्यातून निवृत्त झालेले. मोडी लिपी वाचून देणं हा त्यांचा उद्योग. जुनी खरेदीखतं, वंशावळी घेऊन लोक त्यांच्याकडे जातात. मी पेन उघडलं तसे ते म्हणाले, "मी तक्रार द्यायला आलेलो नाही. माझ्या तक्रारी पालिकेकडे आहेत आणि त्या तिथेच सुखात आहेत. मी माहिती द्यायला आलोय."

"सांगा."

"गेल्या महिन्यात एक तरुण गृहस्थ मोबाईलवर मोडी कागदाचा फोटो घेऊन आले. वाचून दाखवा म्हणाले. मी वाचला. कुठल्याशा गावच्या वतनदारांचा जबाब होता. आता, माझ्याकडे येणारा माणूस काय विचारतो? आमच्या पणजोबांचं नाव आहे का? हे गृहस्थ विचारत होते, ही नावं या कागदाशिवाय दुसरीकडे कुठे सापडतील का?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, तुमची कुणी नाहीत वाटतं ही माणसं? तर उठून गेले. काल मी एक जुना कागद पडताळायला दफ्तरखान्यात गेलो, तेव्हा चोरीचं कानावर आलं. फोटोच्या कोपऱ्यात रुमालाच्या क्रमांकाची चिठ्ठी दिसत होती. तो क्रमांक माझ्या लक्षात आहे. पोस्टात छत्तीस वर्षं काढली, आकडे विसरत नाही."

त्यांनी क्रमांक सांगितला. तोच होता. शिवाय त्या गृहस्थांनी देऊन ठेवलेलं कार्डही त्यांनी टेबलावर ठेवलं. तो जमिनींचे व्यवहार जुळवणारा एजंट होता.

दुपारी एजंटला आणलं. पस्तिशीचा, इस्त्रीचे कपडे, हातात दोन फोन. "सर, ॲक्च्युअली मी रिसर्चसाठी गेलो होतो, परमिशन घेऊन. टोटली लीगल आहे सर." त्याच्या घराची आणि कार्यालयाची पंचांसमक्ष झडती घेतली. फोनमध्ये चार पानांचे फोटो निघाले. रुमाल नव्हता. फोटो काढायला तिथे बंदी होती, पण त्या गुन्ह्यात मला रस नव्हता. आणि फोटोवरून नक्कल प्रमाणित होत नाही. मूळ कागदच लागतो.

त्याच्या फोनच्या नोंदी मागवल्या. एका क्रमांकावर महिन्यात चौदा वेळा फोन गेला होता. तो क्रमांक दफ्तरबंदांचा होता. हे समोर ठेवल्यावर एजंटचा रुबाब गळून पडला.

"सर, मी त्यांना म्हटलं होतं, एवढा एक गठ्ठा इकडचा तिकडे होऊ द्या. ते नाही म्हणाले. मग मी जरा प्रेशर टाकलं. त्यांच्यावर जुनी इन्क्वायरी झालेली होती, ती पुन्हा उघडायला लावीन म्हटलं. तर एके दिवशी म्हणाले, रुमाल जागेवर नाही. सर, आईशप्पथ, मला मिळालाच नाही! मला वाटलं, ते दुसऱ्या पार्टीला भेटले."

खोटं बोलणारा माणूस वाक्य पुरं करून थांबतो आणि तुमच्या चेहऱ्याकडे बघतो. हा बघत नव्हता. त्याला खरंच आपण फसलो असं वाटत होतं. त्याचं पुढचं प्रकरण मी वेगळं चालवलं. पण रुमाल कुठे होता हे मात्र तो सांगू शकणार नव्हता. ते एकाच माणसाला ठाऊक होतं.

सुनावणी सोमवारी होती. बुधवारी सकाळी दफ्तरबंदांना चौकशीला बोलावलं. समन्सवर दिलेल्या वेळेआधी दहा मिनिटं ते येऊन बसले होते.

"एजंटचे चौदा फोन तुम्हाला कशासाठी आले?"

"फोन तेच करत होते, साहेब. मी नाही."

"रुमाल कुठे आहे?"

ते चष्म्याच्या काडीचा दोरा सारखा करत राहिले.

"कुणाला दिलात?"

मी आवाज चढवला. निवृत्तीवेतन जाईल, घर बसेल, सगळं सांगून झालं. ते प्रत्येक गोष्टीला मान हलवत होते, जणू मी सांगतोय ते त्यांनी आधीच स्वतःशी मोजून ठेवलं होतं. मी त्यांची मागची फाईल वाचली होती. आठ वर्षांपूर्वी नकाशांचा एक गठ्ठा सापडेना म्हणून त्यांनी आपणहून वरिष्ठांना कळवलं होतं, आणि त्यांनाच वर्षभर निलंबित केलं होतं. पुढे तो गठ्ठा दुसऱ्या खोलीत सापडला. हे सगळं वाचून मी काय निष्कर्ष काढला, तर माणूस खात्यावर डूख धरून आहे. कागद मी नीट वाचला होता आणि माणूस उलटा वाचला होता.

संध्याकाळी त्यांना घरी सोडलं आणि गुरुवारी सकाळी पुन्हा बोलावलं. माझ्या खोलीत त्या दिवशी सहायक आयुक्त बसले होते, म्हणून दफ्तरबंदांना मागच्या खोलीत बसवलं. तिथे आमच्या निकाली गुन्ह्यांच्या जुन्या फाईली असतात. पावसाचं पाणी भिंतीत मुरलं होतं आणि खालचे गठ्ठे ओले झाले होते. सगळ्या ठाण्याला ते माहीत होतं. वर पत्रही गेलं होतं, आणि ते पत्रसुद्धा बहुधा अशाच एखाद्या खोलीत भिजत असावं.

जेवणाच्या सुट्टीनंतर हवालदार मला बोलवायला आले. "साहेब, जरा मागं या. बोलू नका. नुस्तं बघा."

दफ्तरबंदांनी भिंतीलगतचे गठ्ठे ओढून खोलीच्या मध्यावर आणले होते. ओल्या फाईली सोडवून पंख्याखाली बाकावर पसरल्या होत्या, दोन कागद एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये कोरे तुकडे घातले होते. सुकलेला एक गठ्ठा ते पुन्हा बांधत होते. गाठ मारली, बोटाने चाचपली आणि क्रमांकाची चिठ्ठी बाहेर दिसेल अशी खोवली. ज्या ठाण्यात आपल्याला चोर ठरवलं जातंय, त्याच ठाण्याचे कागद तो माणूस वाचवत होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. कुणी बघतंय हेही त्याला माहीत नव्हतं.

हवालदार माझ्या कानाशी म्हणाले, "साहेब, ह्यो माणूस कागद जाळणार न्हाई. विकणार बी न्हाई. ह्याला भिजलेला कागद बघवत न्हाई."

मी परत माझ्या खोलीत आलो. सहायक आयुक्त एव्हाना गेले होते. मी बसून राहिलो. दोन दिवस मी एकच प्रश्न विचारत होतो, रुमाल कुणाला दिला? त्यांनी तो कुणालाच दिलेला नसेल तर त्या प्रश्नाला उत्तर नव्हतंच. मग हा माणूस गप्प का? कारण माझ्यावर त्याचा विश्वास नव्हता. का असावा? आठ वर्षांपूर्वी खरं सांगितलं तेव्हा त्याला काय मिळालं होतं?

अकरा वाजता आलेल्या बाई अजून बाहेरच होत्या. सुनावणी चार दिवसांवर आली होती, म्हणून त्या दिवशी त्या घरी गेल्या नव्हत्या. मी त्यांना म्हणालो, "बाई, मागे एक माणूस बसलाय. माझ्याशी तो बोलत नाही. तुम्ही बोलून पाहता का?"

"चोर आहेत का ते?"

"मला नाही वाटत."

त्या आत गेल्या. मी दाराशी थांबलो. बाईंनी पसरलेल्या फाईली पाहिल्या, एक कोपरा मोकळा करून बाकावर बसल्या आणि आपलं नाव, गाव सांगितलं. मग म्हणाल्या, "दादा, कागद कुठे आहे ते मला सांगू नका. फक्त एवढंच सांगा, आहे का?"

दफ्तरबंदांनी चष्मा काढला, पुसला.

"आहे," ते म्हणाले.

बाईंनी डोळे मिटले.

"सुनावणी सोमवारीच ना?" दफ्तरबंदांनी विचारलं.

"सोमवारी. सकाळी अकरा."

"नक्कल मिळाली की कुठे ठेवणार?"

"कुठेच नाही. थेट प्रांतांच्या कचेरीत. मध्ये कुणाच्या हातात देणार नाही."

मग ते माझ्याकडे वळले. "साहेब, तुम्ही स्वतः बरोबर राहाल?"

मी हो म्हणालो.

"मग चला. मीठ खात्यात आहे."

मला काही समजलं नाही. जीपमध्ये त्यांनी उलगडा केला. एजंट म्हणाला होता, तुम्ही नाही केलंत तर दुसरा कुणीतरी करेल. ते त्यांना खरं वाटलं. वरिष्ठांना सांगावं तर पहिला संशय पुन्हा त्यांच्यावर येणार आणि त्यांना बाजूला काढलं की रुमालापाशी दुसराच कुणीतरी असणार. म्हणून एका दुपारी त्यांनी रुमालाचं कापड बदललं, वर वेगळी चिठ्ठी लावली आणि इंग्रजांच्या मीठ खात्याच्या रुमालांमध्ये तो ठेवून दिला.

"तिथेच का?"

"अडतीस वर्षांत मीठ खात्याचा रुमाल कुणी मागितलेला नाही, साहेब. नकलेच्या अर्जावर सुनावणीची तारीख होती, तिच्या दोन दिवस आधी मी तो जागेवर आणून ठेवणार होतो. सापडला म्हणालो असतो. पण त्याआधीच पोलीस आले. मग भीती वाटली. आता सांगितलं तर चोर ठरणार आणि रुमाल तुमच्या मुद्देमालात जाणार. तुमच्या खोलीची ओल मी आज पाहिली. म्हटलं, बरं झालं बोललो नाही."

हवालदार खिडकीबाहेर बघून हसत होते. मला हसता येईना.

दफ्तरखान्याच्या साहेबांसमोर, दोन पंचांसमक्ष, मागच्या रांगेतल्या अगदी वरच्या मांडणीवरून तो रुमाल खाली आला. ओळख पटवायला मोडीवाल्या आजोबांना बोलावून घेतलं होतं. गाठ सुटली. पानं मोजली. एकही कमी नव्हतं. आजोबांनी चष्म्यावर भिंग धरलं, पान शोधलं आणि वाचायला लागले. गोऱ्या साहेबाच्या छावणीत, त्याच्या कारकुनाने लिहून घेतलेला जबाब होता. सुरुवात होती, 'समक्ष विचारले असता सांगितले की'.

मी चमकलो. आमचे जबाब अगदी असेच सुरू होतात. मी स्वतः हजारो वेळा हे शब्द लिहिले होते आणि लिहिताना जांभई दिली होती.

आजोबा वाचत गेले. कोण कुठलं काम करतो, जमीन ओढ्यापासून कुठल्या चिंचेपर्यंत, पीक काय येतं. मग नावं. सातव्या नावाला बाई म्हणाल्या, "थांबा. परत वाचा."

त्यांनी परत वाचलं.

"माझ्या पणजोबांचे वडील," बाई म्हणाल्या. नावापुढे सही नव्हती. एक आडवी रेघ आणि तिला छेदणारी एक उभी रेघ, अशी निशाणी होती. रेघ जाड होती. बोरू हातात धरायची सवय नसलेल्या माणसाने जोर देऊन काढलेली. बाईंनी कागदाला हात लावला नाही. दफ्तरबंदांकडे पाहून विचारलं, "जवळून बघितलं तर चालेल का?" त्यांनी दिवा जवळ सरकवला.

थोड्या वेळाने मी बाईंना म्हणालो, "इंग्रजांनी बरं लिहून ठेवलं."

"आमच्यासाठी नाही हो लिहिलं त्यांनी," बाई म्हणाल्या. "शेतसारा कुठून किती काढता येईल, ते बघायला आले होते. पण आमच्या माणसाला विचारलं आणि त्याने सांगितलं ते खाली उतरवून घेतलं. तो खरं बोलला म्हणून ते आज उपयोगी पडलं."

आता प्रश्न दफ्तरबंदांचा होता. दफ्तरखान्याचे साहेब गळ्याचं बटण चाचपत म्हणाले, "शासकीय अभिलेखाची जागा परस्पर बदलणं, चिठ्ठी बदलणं. हे नियमबाह्य आहे. मला वर कळवावं लागेल."

"जरूर कळवा," मी म्हणालो. "फक्त आठ वर्षांपूर्वी त्यांनी कळवलं होतं, त्याचं काय झालं तेही एकदा वाचा. मग कळवा."

शुक्रवारी सकाळी नक्कल तयार होती. ती दफ्तरखान्याच्या साहेबांनी स्वतः मूळ कागदाशी ताडून, प्रत्येक पानावर सही करून दिली. दुपारी बाई, मी आणि हवालदार प्रांत कचेरीत गेलो. आवक बारनिशीत, म्हणजे येणाऱ्या कागदांच्या वहीत, नोंद झाली, शिक्का बसला. बाईंनी पोच घडी करून पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, "आता चहा घेऊ."

माझ्या बाजूचं काम सोपं होतं. रुमाल इमारतीबाहेर गेलाच नव्हता, म्हणजे चोरी झालीच नव्हती. गैरसमजातून गुन्हा दाखल झाला असा 'क' समरीचा अहवाल कोर्टाला पाठवला, तो मंजूर झाला. सरकारी नोकराला धमकावल्याबद्दल आणि पुरावा नाहीसा करण्याचा प्रयत्न केल्याबद्दल एजंटवर वेगळा खटला भरला. त्यात दफ्तरबंद साक्षीदार म्हणून उभे राहिले आणि उलटतपासणीतही "माहीत नाही" हे दोन शब्द त्यांनी एकदाही वापरले नाहीत.

खात्याची चौकशी त्यांच्यावर झाली. दफ्तरखान्याच्या साहेबांनी अहवालात झालं ते जसंच्या तसं लिहिलं आणि खाली एक परिच्छेद जोडला. जुनं निलंबन चुकीचं होतं आणि ते तसं नसतं तर या कर्मचाऱ्याला रुमाल लपवावा लागला नसता, असा त्याचा आशय होता. बटणं गळ्यापर्यंत लावणाऱ्या माणसाकडून मी एवढ्याची अपेक्षा केली नव्हती. दफ्तरबंदांना समज देऊन प्रकरण मिटलं. पुढच्या वर्षी ते पूर्ण निवृत्तीवेतनावर निवृत्त झाले. वतनांच्या सगळ्या रुमालांच्या संगणकावर प्रती काढण्याचं काम मात्र त्याआधीच सुरू झालं होतं. कुठला रुमाल आधी घ्यायचा हे त्यांना विचारून ठरत होतं.

सुनावणी एका तारखेत संपली नाही. अशा सुनावण्या संपत नसतात. पण तो कागद आल्यावर समोरच्यांच्या वकिलांचा सूर बदलला. सव्वा वर्षाने निकाल बारा घरांच्या बाजूने लागला. त्यातली दोन घरं तोवर गाव सोडून गेली होती. त्यांना शोधून आणायचं काम बाईंनी अंगावर घेतलं आणि पुरंही केलं. समोरचे अपिलात गेले, ते फेटाळलं गेलं. आज त्या जमिनीच्या एका तुकड्यावर अभ्यासिका आहे. उद्घाटनाला मला बोलावलं होतं. बाईंनी भाषण केलं नाही. नाव नोंदवायला आलेल्या मुलींची रांग सरळ करण्यात त्या गुंतल्या होत्या.

या गुन्ह्याने मला काय शिकवलं ते मोठ्या शब्दांत सांगता येणार नाही. गप्प बसलेला माणूस काहीतरी लपवतो, हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं आणि ते खरंच आहे. पण तो स्वतःचं पापच लपवत असेल असं आपण धरून चालतो. दफ्तरबंदांनी दोन दिवस माझ्या शिव्याशाप ऐकून घेतले ते स्वतःसाठी नव्हे. त्यांना त्या बारा घरांतलं एकही माणूस माहीत नव्हतं. कधी ना कधी कुणीतरी हा कागद मागायला येईल, एवढ्याच भरवशावर त्यांनी अडतीस वर्षं गाठी मारल्या होत्या.

त्यानंतर पाच वर्षं मी नोकरीत होतो. त्या काळात ज्या कुणाची चौकशी केली, त्याला इतर सगळे प्रश्न विचारून झाल्यावर पाणी दिलं, आवाज खाली आणला आणि एक प्रश्न जास्तीचा विचारला. "तू कुणाला वाचवतोयस का?"

बहुतेक जण हसले. काहींना मी खुळा वाटलो असेन. पण तीन वेळा समोरच्या माणसाने मान वर केली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि बोलायला सुरुवात केली.